नदीकाठचे मासेखाऊ पक्षी कसे मोजावेत : मार्कंडा ते चपराळा

अभयारण्यात पक्ष्यांची विविधता जास्त आणि बाहेरच्या नदीवर कमी, असं आपण सहज बोलून जातो. नदीवर जाऊन मोजलं की गोष्ट इतकी सरळ राहत नाही. अभयारण्याच्या काठावरचा खोल डोह सकाळभर ओस पडलेला असतो आणि गावाजवळच्या उथळ पाण्यात बगळ्यांची रांग लागलेली असते. मासेखाऊ पक्षी आधी पाण्याची खोली बघतो, मग माशाचा आकार, मग बसायला झाड आणि स्वस्थपणा. हे सगळं नोंदवल्याशिवाय संरक्षित आणि असंरक्षित पाणथळींची तुलना केली, तर ती बहुतेक वेळा चुकते.

नदीकाठच्या गावातला शिक्षक, कॉलेजचा विद्यार्थी, वनमजूर किंवा पक्ष्यांची आवड असलेला शेतकरी फारशा खर्चाशिवाय अशी तुलना कशी करू शकेल, ते पुढे सांगितलं आहे. उदाहरणासाठी वैनगंगा घेतली आहे. तीच पद्धत कन्हान, वर्धा, पैनगंगा, इंद्रावती कुठेही चालेल.

जागांची जोडी

तुलनेसाठी दोन जागा लागतात आणि त्या एकमेकींशी जुळणाऱ्या हव्यात. नवेगावबांधचा तलाव आणि पवनीजवळची वैनगंगा यांची तुलना करू नका. एक बांधलेला तलाव आहे, दुसरी वाहती नदी. एका नदीचेच दोन तुकडे घ्या.

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात अशी चांगली जोडी मिळते. मार्कंडा देवस्थानाजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. तिथे संरक्षण नाही. देवळात येणारे भाविक, डोंगे, जाळी, गुरं असं सगळं काठावर असतं. तीच नदी पुढे चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि तिथून प्राणहिता सुरू होते. या संगमाला लागून १९८६ साली घोषित झालेलं चपराळा अभयारण्य आहे. पाणी एकाच नदीचं, पाऊस जवळपास सारखा, अंतर फार नाही. फरक मुख्यतः काठाच्या वापरात उरतो आणि आपल्याला तोच तपासायचा आहे.

जागा ठरवताना नकाशावर अभयारण्याची हद्द नीट बघा. पुष्कळदा हद्द काठापाशी थांबते. प्राणहितेचा पलीकडचा काठ तर तेलंगणात आहे. म्हणजे जिला आपण 'संरक्षित पाणथळ' म्हणतो, तिथे संरक्षण असतं ते अलीकडच्या काठावरच्या झाडांना, आणि पाण्यात दोन्हीकडचे लोक मासे धरतात. असं असेल तर वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा. निष्कर्ष काढताना या एका वाक्याचा मोठा उपयोग होतो.

दोन्ही जागी काठाने दोन ते तीन किलोमीटरचा पट्टा घ्या. प्रत्येक पट्ट्यात डोह, उथळ धार, रेतीचं बेट आणि झाडांचा काठ हे चारही प्रकार थोडेथोडे यायला हवेत. एका बाजूला नुसता डोह आणि दुसऱ्या बाजूला नुसती रेती आली, तर तुम्ही संरक्षण न मोजता खोली मोजाल.

परवानगी

अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे परवानगी लागते. ती मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात येते, पण सुरुवात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटूनच करावी. वनरक्षक सोबत असल्याशिवाय जंगलाच्या काठाने चालू नका. पहाटे नदीवर फक्त पक्षीच उतरत नाहीत.

अभयारण्याबाहेर परवानगीचा कागद लागत नाही, पण सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी सांगून ठेवा. गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन अनोळखी माणूस काठाने फिरताना दिसला की गावात शंका येणारच, आणि रेतीघाट चालू असेल तर जास्तच. ड्रोन घरीच ठेवा.

कोणाला मोजायचं

पाण्याजवळ दिसणारा प्रत्येक पक्षी मासेखाऊ नसतो. यादी आधी ठरवा आणि दोन्ही जागी तीच वापरा.

मुख्य यादीत हे पक्षी धरा : लहान, मध्यम आणि मोठा पाणकावळा, तिरंदाज, राखी आणि जांभळा बगळा, छोटा, मध्यम आणि मोठा पांढरा बगळा, वंचक, रातबगळा, रंगीत करकोचा, नदी सुरय, कवड्या खंड्या, छोटा खंड्या, मोठ्या चोचीचा खंड्या, हिवाळ्यात येणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी आणि तपकिरी मासेमार घुबड.

पांढऱ्या छातीचा खंड्या, कांडेसर, टिबुकली आणि ब्राह्मणी घार हे मासे खातात, पण किडे, बेडूक, खेकडे, सरडे यांवरही त्यांचं बरंच भागतं. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करा. उघड्या चोचीचा करकोचा मोठ्या संख्येने दिसला तरी तो मुख्यतः गोगलगायींवर जगतो, आणि गाय बगळा गुरांमागे किडे टिपतो. हे दोघे यादीबाहेर. धानाच्या बांध्यांत रोवणीच्या वेळी हे दोघेच इतके असतात की त्यांना धरलं तर बाकी सगळे आकडे त्यांच्याखाली दबून जातात.

यादी मासेमारीच्या पद्धतीनुसार लावली तर पुढे फार उपयोग होतो. पाणकावळे आणि तिरंदाज बुडी मारून पाण्याखाली पाठलाग करतात. बगळे आणि करकोचे पायाच्या उंचीइतक्या पाण्यात उभे राहतात. सुरय, ऑस्प्रे आणि कवड्या खंड्या वरून झेपावतात. बाकीचे खंड्या आणि मासेमार घुबड पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा खडकावर बसून वाट बघतात. नदीत रेती उपसून खड्डे पडले की दुसरा गट आधी जातो. काठावरचे अर्जुन, जांभूळ, करंज तुटले की चौथा गट जातो. एकूण आकडा मात्र तेवढाच राहू शकतो, कारण पाणकावळे वाढलेले असतात.

ओळख पक्की करा

सगळ्यात जास्त घोटाळा पांढऱ्या बगळ्यांत होतो. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी असतात. चिखलात उभा असेल तर बोटं दिसत नाहीत. अशा वेळी तो पाय उचलेपर्यंत थांबा. मध्यम आणि मोठा हे दोघेही हिवाळ्यात पिवळ्या चोचीचे असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. चोचीच्या कोपऱ्यापासून मागे जाणारी बारीक रेघ बघा. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली संपते, मोठ्या बगळ्यात डोळ्याच्या मागे जाते. मोठ्याच्या मानेत ठळक बाकही असतो. गाय बगळ्याची चोच आखूड आणि हनुवटी भरलेली दिसते.

पाणकावळ्यांत लहान हा आखूड चोचीचा आणि आखूड मानेचा, शेपूट त्यामानाने लांब. मध्यम पाणकावळ्याची चोच बारीक आणि लांब, डोळा जवळून निळसर हिरवा. मोठा पाणकावळा चांगलाच भारदस्त असतो आणि गळ्याशी पिवळा भाग उठून दिसतो. तिघेही पाण्यातून बाहेर आले की पंख पसरून वाळवत बसतात, कारण त्यांची पिसं भिजतात. मोजायला ही सोयीची वेळ असते.

तिरंदाज पोहताना अंग पाण्याखाली ठेवतो आणि वर फक्त सापासारखी मान दिसते. चोच सरळ, भाल्यासारखी. मासा तो चिमटीत धरत नाही, भोसकतो. मग वर येऊन मान झटकतो, मासा हवेत उडतो आणि डोक्याकडून गिळला जातो. ही क्रिया पूर्ण बघायला मिळाली तर माशाच्या लांबीचा अंदाज त्याच्या चोचीशी ताडून लिहा : चोचीच्या अर्धा, चोचीएवढा, चोचीपेक्षा मोठा. सेंटिमीटरचा अंदाज माणसागणिक बदलतो, हे माप तितकं बदलत नाही. बगळे आणि खंड्यांसाठीही हेच करा.

सुरयांत नदी सुरयाकडे जास्त लक्ष द्या. डोक्यावर काळी टोपी, चोच गडद पिवळी, शेपूट दुभंगलेली. जागतिक लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. चोच नारिंगी आणि विणीच्या काळात पोट काळं दिसलं, तर तो काळ्या पोटाचा सुरय. त्याचा दर्जा आणखी गंभीर, म्हणजे 'संकटग्रस्त' आहे. असा पक्षी दिसला तर फोटो काढा, वेळ आणि ठिकाण लिहा, पण जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

वर्षातल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी नोव्हेंबरात, पूर ओसरून काठ उघडा पडल्यावर. दुसरी जानेवारीत. त्याच महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून दरवर्षी चालू आहे, तिच्यातही तुमचे आकडे जाऊ शकतात. तिसरी एप्रिलच्या शेवटी, पाणी डोहांत आटल्यावर. प्रत्येक फेरीत प्रत्येक जागेला किमान चार सकाळी द्या, आणि शक्यतो दोन्ही जागा एकाच आठवड्यात उरका.

महाशिवरात्रीच्या यात्रेच्या आसपास मार्कंड्याला मोजणी करू नका. त्या दिवसांचा आकडा नदीचा नसतो, गर्दीचा असतो. वरच्या अंगाच्या गोसीखुर्द धरणाचा विसर्ग वाढला किंवा चामोर्शी तालुक्यातल्या चिचडोह बॅरेजचे दरवाजे हलले, तरी पाण्याची पातळी बदलते आणि बगळे रातोरात जागा सोडतात. विसर्गाची बातमी तपासूनच निघा. आकड्यांपेक्षा जीव महत्त्वाचा. रेतीच्या बेटावर असताना पाणी वाढलं तर परतीची वाट बंद होते.

उन्हाळ्यातल्या फेरीत बेटांवर अजिबात चढू नका. नदी सुरय उघड्या रेतीत नुसता खळगा करून अंडी घालतो. अंड्यांचा रंग रेतीसारखा असल्याने ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. जोडी उठली की अंडी विदर्भाच्या उन्हात उघडी पडतात. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागला, तर तुम्ही घरट्याच्या जवळ आहात. आल्या वाटेने मागे फिरा.

प्रत्यक्ष मोजणी

साहित्य थोडं लागतं : ८ बाय ४२ ची दुर्बीण, वही, पेन्सिल, घड्याळ, मोबाइलवर जीपीएस आणि खुणा केलेला बांबू. फिकट शर्ट नको. मातकट, हिरवट कपडे बरे.

पट्ट्यात दर ५०० मीटरवर एक थांबा ठरवा आणि त्याची जागा मोबाइलवर कायम नोंदवा. उजाडल्यावर अर्ध्या तासाने सुरू करा. थांब्यावर पोचल्यावर दोन मिनिटं काहीच लिहू नका, तुमच्या चाहुलीने उठलेले पक्षी बसू द्या. मग दहा मिनिटं मोजा. दुर्बीण डावीकडून उजवीकडे एकदाच सावकाश फिरवा. परत उलटी फिरवून भर घालू नका, त्यात तेच पक्षी दुसऱ्यांदा येतात. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरा आणि तेवढे गट मोजा.

नुसत्या डोक्यावरून उडत गेलेल्यांची नोंद वेगळी. मासा शोधत घिरट्या घालणारा सुरय मात्र धरायचा. तुमच्यामुळे उठून पुढच्या थांब्याकडे गेलेले पक्षी किती आणि कुठल्या जातीचे, ते लिहा आणि पुढे तेवढे वजा करा. दुसऱ्या सकाळी पट्टा उलट्या टोकाकडून चाला, म्हणजे प्रत्येक थांब्याला लवकरची आणि उशिराची अशा दोन्ही वेळा मिळतील. धुकं दाट असेल तर थांबा. वैनगंगेवर जानेवारीत ते नऊपर्यंत राहू शकतं.

मासेमार घुबड या पद्धतीत सापडत नाही. त्यासाठी सूर्यास्तानंतर अर्धा तास एका जागी बसून आवाज ऐकावा लागतो. अभयारण्यात ते वनरक्षकासोबतच करा. मोबाइलवरून आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आणि एका जागी घुबडासाठी बसलात, तर दुसऱ्या जागीही तेवढाच वेळ बसा. संरक्षित जागेवर आपण नकळत जास्त वेळ घालवतो, कारण तिथे बसायला बरं वाटतं. यादी तिथेच लांबते.

पक्ष्यांशिवाय काय लिहायचं

प्रत्येक थांब्यावर काठापासून दोन मीटर आत पाणी किती खोल, ते बांबूने बघा. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं असं लिहिलं तरी चालेल. पाणी गढूळ की नितळ, कारण गढुळात झेप घेणाऱ्यांना मासा दिसत नाही. पाण्यावर झुकलेली झाडं किती. उभी कापलेली मातीची दरड आहे का, कारण कवड्या आणि छोटा खंड्या तिच्यात बीळ करून घरटं करतात. बेशरमाची झुडपं वाढली आहेत का.

मग माणसांची वर्दळ : मोजणीच्या दहा मिनिटांत दिसलेली माणसं, डोंगे, पाण्यात टाकलेली जाळी, गुरं, कुत्री, रेतीचे ट्रॅक्टर. हे वेगवेगळं लिहा, सगळ्याला 'त्रास' असा एकच शब्द नको. डोंग्यातून जाळं ओढणाऱ्या माणसाजवळ वंचक निवांत उभा असतो, आणि तोच पक्षी मोकाट कुत्रा दिसताच उडून जातो. ट्रॅक्टर नुसता पक्षी उठवत नाही, दरड आणि उथळ काठ दोन्ही घेऊन जातो.

ढिवर बांधवांकडून

नदीचा खरा अभ्यास ज्यांचा झाला आहे, त्या ढिवर म्हणजे मासेमार समाजाशी बोलल्याशिवाय ही नोंद अपुरी राहते. जाळी काठावर पसरून झाल्यावर, चहाच्या वेळी बसा. पक्ष्यांपासून सुरुवात करू नका. "भाऊ, यंदा पाणी कवा उतरलं?" असं विचारा. मग मरळ, वाम, झिंगा कुठल्या महिन्यात लागतो, चिलापी कधीपासून दिसते, कुठला डोह आता बुजला, असं बोलणं पुढे जातं. जुनी माणसं कुठल्या चिंचेवर बगळ्यांची वसाहत होती आणि ती कधी मोडली, हेही सांगतात. पावसाळ्यात बगळे, पाणकावळे झाडांवर एकत्र घरटी करतात, आणि ही झाडं पुष्कळदा गावातच असतात. अशी झाडं नकाशावर लावा. अभयारण्यात जेवणारा बगळा रात्री आणि विणीला गावच्या झाडावर येत असेल, तर दोन जागांमधली रेघ आपण समजतो तितकी पक्की नाही.

जाळ्यात अडकून मेलेल्या तिरंदाजांबद्दल आणि पाणकावळ्यांबद्दल विचारायचं असेल तर ओळख झाल्यावर विचारा, आणि सांगणाऱ्याचं नाव कुठेही लिहू नका.

आकडेमोड

इथे बरेच जण थबकतात, पण मोबाइलमधल्या तक्त्यातही हे होतं.

जातींची संख्या हा पहिला आकडा. त्यावर थांबू नका. समजा दोन्ही जागी पाचच जाती आणि शंभरच पक्षी मिळाले (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत). पहिल्या जागी लहान पाणकावळे ४०, छोटे बगळे २५, कवड्या खंड्या १५, तिरंदाज १० आणि राखी बगळे १०. दुसऱ्या जागी त्याच क्रमाने ८०, ११, ४, ३, २. जाती सारख्या, पक्षी सारखे, तरी दोन्ही जागा सारख्या नाहीत.

हा फरक शॅनन निर्देशांक दाखवतो. प्रत्येक जातीचं प्रमाण काढा, जसं ४० भागिले १०० म्हणजे ०.४०. त्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉग घ्या, प्रमाणाने गुणा, सगळ्या जातींची बेरीज करा आणि उणे चिन्ह काढून टाका. पहिल्या जागी १.४६ येतो, दुसऱ्या जागी ०.७३. याला जातींच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे पाचाच्या १.६१ ने भागलं की समानता मिळते : पहिल्या जागी ०.९१, दुसऱ्या जागी ०.४६. हा आकडा एकाच्या जितका जवळ, तितके पक्षी जातींमध्ये सारखे वाटलेले. दुसऱ्या जागी एकट्या पाणकावळ्याने नदी व्यापली आहे.

दोन जागांच्या याद्या किती जुळतात हे बघायला सोरेन्सनचा गुणांक सोपा आहे. सामाईक जातींची दुप्पट करा आणि दोन्ही याद्यांतल्या जातींच्या बेरजेने भागा. एकीकडे १२, दुसरीकडे ९ आणि सामाईक ८ असतील, तर १६ भागिले २१, म्हणजे ०.७६.

हे आकडे प्रत्येक फेरीचे वेगळे काढा. वर्षाची एकत्र बेरीज केली तर एप्रिलचा सुरय आणि जानेवारीचा ऑस्प्रे एका ओळीत बसतात, आणि नदी कधी गरीब झाली ते कळत नाही. मग थांबे खोलीप्रमाणे लावा आणि दोन्ही जागांचे फक्त उथळ थांबे एकमेकांसमोर ठेवा, नंतर फक्त खोल. इतकं केल्यावरही अभयारण्याच्या बाजूला मोठ्या चोचीचा खंड्या, मासेमार घुबड, तिरंदाज जास्त दिसले, तर त्याचं श्रेय काठावरच्या झाडांना आणि शांततेला देता येईल. आणि बाहेरच्या काठावर बगळे किंवा सुरय जास्त निघाले, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. तो काठ वाचवण्याचं कारण त्याच आकड्यात आहे.

नोंदी कुठे न्यायच्या

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर प्रत्येक थांब्याची यादी वेळेसह टाका, म्हणजे ती हरवत नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम, २०१७ यांत नदीचं पात्र, धानाच्या बांध्या आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव 'पाणथळ' या व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे मार्कंड्याची नदी या नियमांखाली येत नाही, आणि पूर्व विदर्भातल्या सिंचनाच्या असंख्य तलावांचीही तीच अडचण आहे.

म्हणून गावपातळीवरचे दरवाजे वापरा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमची यादी, वसाहतीची झाडं, सुरयाची बेटं आणि खंड्याच्या दरडी तिच्यात महिन्यासह लिहून घ्या. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये मासे आणि पाणसाठ्यांतल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क आहे. गडचिरोलीत सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा पुष्कळ आहेत, आणि मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये हा मार्ग दाखवला. अशा ग्रामसभेपुढे दोन पानांचा कागद ठेवा : एका पानावर थांब्यांचा नकाशा, दुसऱ्यावर तीन फेऱ्यांचे आकडे. मागणी एकच आणि नेमकी असू द्या. उदाहरणार्थ, मार्च ते मे या काळात अमुक बेटावर ट्रॅक्टर, गुरं आणि कुत्री जाऊ नयेत. ढिवर संस्थेचे लोक त्या सभेला हजर असतील अशीच तारीख धरा. बेटावर लक्ष ठेवायला पहाटेपासून नदीत तेच असतात.